पायांचं दुखणं, डोळ्यांची साक्ष

‘पायांत जीवच राहिला नाही,’ असं सांगणारा वाशी-नेरुळकडचा रुग्ण न्यूरॉलॉजिस्टकडे येतो, तेव्हा कमरेच्या एमआरआयचं पाकीट बहुधा त्याच्या हातात असतं. वयानुसार मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांत दिसते. तिच्यावर खापर फोडणं सोपं. आम्ही पाकीट बाजूला ठेवून आधी विचारतो: पडता ते नेमकं कधी?

जमिनीवरून उठताना हात टेकावे लागत असतील, तर संशय मांड्यांच्या स्नायूंवर. चप्पल निसटलेली कळत नसेल, तर संवेदना वाहणाऱ्या नसांवर. आणि बेसिनवर तोंड धुताना, डोळे मिटताच झोक जात असेल, तर पाय कुठे आहेत याची खबर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. उघडे डोळे तेवढी उणीव भरून काढत असतात. बर्लिनच्या मोरित्झ रॉम्बर्ग यांनी हे लक्षण एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. त्या काळी त्यामागे बहुतेकदा सिफिलिस असे. आपल्याकडे आज, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ ची कमतरता तपासावी लागते. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर चाल सुधारते; उशीर झाला तर नुकसान पुरतं भरून येत नाही.

खाडीपलीकडच्या मुंबईत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी पायांचा शोध दोनदा डोळ्यांपर्यंत नेला.

१९७१ मध्ये शहरात डोळ्यांची साथ होती. घानात १९६९ मध्ये, चांद्रमोहिमेच्या सुमारास उद्भवल्यामुळे तिथे तिला ‘अपोलो’चं नाव पडलं होतं. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मोजक्या रुग्णांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. चित्र पोलिओसारखं, पण रुग्ण बहुतेक प्रौढ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी या दोन घटनांची सांगड घातली. साथीचा विषाणू, एन्टरोव्हायरस ७०, पोलिओच्याच गोतावळ्यातला निघाला. आधीचं आजारपण विचारण्याची गरज पुण्यात २०२५ च्या जानेवारीत पुन्हा दिसली: सिंहगड रस्त्याच्या परिसरात अनेकांना आधी जुलाब झाले, मग गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराने पाय गळाले.

त्याच १९७१ साली वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचं वर्णन छापलं. पिढ्यान्‌पिढ्या तोल जाणारी ही माणसं एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे पाहू लागली, की नजर झेप घेण्याऐवजी रेंगाळत जाई. आज हा आजार एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) म्हणून ओळखला जातो. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. आई-वडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के.

नजरेची ही चाचणी मिनिटभरात होते. आजार मुळातून बरा करणारं औषध अजून नाही. फिजिओथेरपी, काठी, न्हाणीघरात धरायला दांडा, जनुकीय सल्ला एवढं देता येतं. आणि कमरेची अनावश्यक शस्त्रक्रिया टळते.