आधी उजेड, मग नेम

मिडलंडच्या बाहेर आमचं घर आहे, तिथे रस्त्यावर दिवे नाहीत. वेस्ट टेक्सासचा हा भाग तेलाचा. नवरा विहिरींवर कामाला, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. तो तिकडे असला की घरात मी, आणि साताऱ्याहून आई आलेली असली तर ती. शेजारी हाकेच्या अंतरावर नाहीत. 911 ला फोन केल्यावर शेरिफची गाडी कधी पोचेल हे ती त्या वेळी काउंटीच्या कुठल्या टोकाला आहे त्यावर ठरतं. घरात रिव्हॉल्व्हर ठेवायचं हे आम्ही दोघांनी पुष्कळ बोलून ठरवलं. ठेवावं की ठेवू नये, यावर मैत्रिणींशी माझे वाद झालेले आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण एकदा ठेवायचं ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो, ज्यावर आपल्या लोकांत कुणी बोलत नाही: रात्री, झोपेतून उठून, चष्म्याशिवाय, त्या वस्तूतून नेमकं काय दिसणार आहे?

एच-1बी व्हिसावर असताना हा विषय आमच्यासाठी जवळजवळ बंदच होता. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत, तेवढेच. ग्रीन कार्ड आल्यावर मात्र दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करतो, आणि तिकडून होकार आला की वस्तू आपल्या हातात. माझ्या आजोबांकडे बारा बोअरची दुनळी होती. तिचा परवाना कलेक्टर कचेरीचा, नूतनीकरणाचे हेलपाटे, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा. ते सगळं बघितलेलं असल्यामुळे इथलं सोपेपण मला अजूनही अंगावर येतं. म्हणूनच निवड करताना मी घाई केली नाही.

रिव्हॉल्व्हर घेतलं ते रुगर जीपी100, साधारण चार इंची नळीचं. वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर, सहा काडतुसांचं. पिस्तुलाची स्लाइड मागे खेचायला लागते तशी यात लागत नाही, आणि एका हाताने चालवलं तरी अडकत नाही. या दुसऱ्या गुणाचं महत्त्व पुढे कळेल. ते .357 मॅग्नमचं असलं तरी मी त्यात .38 स्पेशलची काडतुसं भरते. .357 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .38 चालतं, उलटं चालत नाही. बंद खोलीत मॅग्नमचा आवाज आणि अंधारात नळीतून निघणारा जाळ, दोन्ही नको होतं. डोळे एकदा दिपले की पुढचा क्षण आंधळाच जातो.

आता साइट, म्हणजे नेम धरायची खूण. कारखान्यातून आलेली पुढची साइट काळी, मागची खाचही काळी. दुपारी रेंजवर पांढऱ्या कागदासमोर याच्याइतकं स्वच्छ काही नाही. तेच रात्री आमच्या बोळात धरलं की काळ्यावर काळं, काही म्हणजे काही उमटत नाही. त्यात मला चाळिशी लागलेली. हात लांब करूनही पुढची साइट ही एक धूसर रेघ दिसते, आणि मध्यरात्री चष्मा शोधत बसायला कोण थांबणार आहे? त्यामुळे बारीक, अचूक, नेमबाजांना आवडणारी साइट माझ्या कामाची नव्हती. मला जाड, फिकट रंगाची, चष्म्याशिवाय नजर आपोआप जिच्यावर जाईल अशी साइट हवी होती.

दुकानातल्या काउंटरवर पहिल्यांदा समोर आली ती फायबर ऑप्टिकची. हिरव्या प्लास्टिकची बारीक कांडी, खिडकीशी नेली की दिव्यासारखी पेटते. पण ती आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला आणते. उजेडच नसेल तर तिच्याकडे द्यायला काही नाही. दुसरी ट्रिटियमची. हायड्रोजनचं हे किरणोत्सारी भावंड काचेच्या इवल्याशा नळीत बंद केलेलं असतं आणि त्याच्या किरणांनी आतला लेप चमकत राहतो. बॅटरी नाही, बटण नाही. मात्र ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. म्हणजे बारा वर्षांत चमक निम्म्यावर येणार, आणि घेताना साइट कधी बनवली ती तारीख विचारायची. जुन्या साठ्यातली साइट नव्याच्या भावात गळ्यात पडू शकते.

मी घेतली ती टेक्सासमध्येच, फोर्ट वर्थला असलेल्या एक्सएस कंपनीची: मधे ट्रिटियमचा ठिपका आणि भोवती जाड पांढरं कडं. बसवायला गनस्मिथ लागला नाही. जीपी100 च्या नळीच्या तोंडाशी, साइटच्या खाली एक बारीक खिट्टी असते. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची दोनदा खात्री करून मी ती टोचणीने आत दाबली. जुनी साइट सैल होऊन निघाली, नवी त्याच जागी सरकवली, खिट्टी टक् करून बाहेर आली. साइटची उंची बदलली की गोळीची जागा बदलते, पुढची साइट उंच झाली की गोळी खाली लागते. म्हणून रेंजवर जाऊन मागच्या साइटचा स्क्रू थोडा थोडा फिरवत ती पुन्हा जुळवून घेतली. आमच्या घरातलं सगळ्यांत लांब अंतर दहा-अकरा मीटरचं, तेवढ्यापुरतं नेमकं असलं की पुरे.

लेझरबद्दल दुकानदाराने फार आग्रह धरला. क्रिमसन ट्रेसची मूठ असते, रिव्हॉल्व्हरची मूठ आवळली की भिंतीवर लाल ठिपका पडतो. चष्म्याचा प्रश्नच मिटतो, हे त्याचं म्हणणं खरं आहे. ओळखीच्या एकीची मूठ आणून मी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चाप ओढून पाहिला. डबल ॲक्शनचा तो लांब, जड चाप ओढताना भिंतीवरचा ठिपका कसा थरथरतो हे बघून हाताचे दोष जितके कळले तितके कुठल्या शिक्षकाने सांगून कळले नसते. सरावाला उत्तम. पण रात्री मला नको. ठिपका कुठे आहे ते तो दाखवतो, ठिपका कोणावर आहे ते दाखवत नाही.

सगळा विषय येऊन थांबतो तो इथेच. 13 एप्रिल 2023 ला कॅन्सस सिटीत एक 16 वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना न्यायला गेला. पत्ता होता 115 टेरेस, तो गेला 115 स्ट्रीटवर, आणि रात्री दहाच्या सुमारास बेल वाजवली. आतल्या 84 वर्षांच्या गृहस्थांनी काचेच्या दारातून .32 च्या रिव्हॉल्व्हरने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. त्याच्याही आधी, 17 ऑक्टोबर 1992 ला लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये एक जपानी विद्यार्थी, तोही 16 वर्षांचा, हॅलोविनच्या पार्टीला निघून चुकीच्या दारी पोचला. त्याच्या हातात कॅमेरा होता. तो वाचला नाही. या दोन्ही घरांत नेम चुकला नव्हता. समोर कोण आहे हे कळलं नव्हतं.

रेंजवर रात्रीचा एक वर्ग असतो, शिकवणाऱ्या बाई पूर्वी शेरिफ खात्यात डेप्युटी होत्या. त्यांनी आम्हाला मिट्ट काळोखात उभं केलं. समोर माणसांची चित्रं, कुणाच्या हातात पिस्तूल, कुणाच्या हातात फोन, एकाच्या हातात टीव्हीचा रिमोट. टॉर्च लावायचा, बघायचं, आणि मोठ्याने सांगायचं. गोळी झाडायची की नाही हा प्रश्न त्यानंतर. तिथे मला साइटबद्दल एक गोष्ट स्वच्छ समजली. टॉर्च लागला की समोरचा उजेड इतका असतो की ट्रिटियमचा ठिपका दिसतही नाही, साइट उजेडावर काळी उठून दिसते आणि तेवढी पुरते. टॉर्च नसेल तर ठिपका झळकतो खरा, पण मग माणूस दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यावर नेम धरायचाच नाही. ट्रिटियमचं खरं काम या दोहोंच्या मधल्या संधिप्रकाशात, जिथे माणूस ओळखू येतो पण साइट हरवते. पैसे गेले म्हणून मला वाईट वाटलेलं नाही, पण कुणी विचारलं तर मी सांगते: आधी टॉर्च घ्या. साइटवर भडक रंगाचा थेंब लावूनही भागतं.

टॉर्च बंदुकीला लावायचा की हातात धरायचा, यावर बाईंच्या वर्गात एकमत नव्हतं. बहुतेक रिव्हॉल्व्हरना नळीखाली दिवा बसवायला रेल नसतेच. स्मिथ अँड वेसनच्या आर8 सारख्या थोड्यांना असते. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून प्रत्येक बाराला गरम वायू बाजूला फुटतो, म्हणून तिथे बोट नेणं धोक्याचं. पण माझं कारण वेगळं आहे. दिवा नळीखाली असेल तर जिथे उजेड पाडायचा तिथे नळी रोखावी लागते. आमच्या बोळाच्या टोकाला आई झोपते. ती पहाटे चारला उठते, पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाते, आणि दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही. कोण आहे हे बघण्यासाठी मी तिच्यावर भरलेलं रिव्हॉल्व्हर रोखणार नाही. तज्ज्ञ काहीही म्हणोत.

म्हणून टॉर्च डाव्या हातात. पाचशे ल्युमेनच्या आसपासचा. हजार-दोन हजारांचेही मिळतात, पण पांढऱ्या भिंतींवरून तो उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो. शेपटाला बटण, दाबलं तेवढा वेळ पेटणार, सोडलं की विझणार. मंद, प्रखर, लुकलुक असे प्रकार असलेले टॉर्च मी बाजूला ठेवले, कारण घाबरलेल्या अंगठ्याला मोजदाद करता येत नाही. लिथियमचे सीआर123 सेल पडून राहिले तरी वर्षानुवर्षं टिकतात, चार्ज करायचं राहून गेलं अशी भानगड नाही. नेम धरायची वेळच आली तर उजव्या मनगटाखालून डावा हात नेऊन दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर दाबायच्या. या पकडीला हॅरीस म्हणतात. नाहीतर टॉर्च अंगापासून लांब धरायचा आणि रिव्हॉल्व्हर एका हाताने चालवायचं.

रिव्हॉल्व्हर बटणांच्या कुलूपपेटीत असतं. टॉर्च पेटीबाहेर उशाशी, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तोच लागणार आहे. बोळात दोन नाइट लॅम्प लावले. आणि बाईंनी सांगितलेली सूचना मी आमच्या भाषेत बसवली: खोलीच्या दारातून आधी ‘कोण आहे?’ म्हणून खणखणीत विचारायचं, मराठीत. घरातलं माणूस ‘मी गं’ म्हणणारच. उत्तर आलं नाही तर घर धुंडाळत फिरायचं नाही. आईला माझ्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं आणि 911.

आईला हे सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, ‘बंदुकीचं मला काही सांगू नकोस, टॉर्च दाखव.’ आता तिच्याही उशाशी एक आहे. ती तो समोर धरत नाही, पायांपुढे जमिनीवर पाडते, रात्री शेतावर पाण्याच्या पाळीला जाताना साप बघत चालायची जन्माची सवय. तिच्या खोलीकडून उजेड जमिनीवरून सरकत आला की मला विचारावंही लागत नाही. नवरा घरी आला की आम्ही तिघं दिवे घालवून हा सराव करतो. रिव्हॉल्व्हर तेव्हा पेटीतच, कुलपात.