डोंगर पळून जात नाही

“डोंगर काय कुठे पळून जाणार आहे?” हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी आम्हांस पसरणीच्या घाटात आजवर किती वेळा विचारला असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे. सुटीच्या दिवशी साताऱ्याहून निघावे, पाचवडच्या फाट्यावरून वाईकडे वळावे, ढोल्या गणपतीच्या घाटावर घटकाभर कृष्णेत पाय सोडून बसावे आणि मग घाट चढून पाचगणी गाठावी, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्यात खोळंबा होतो तो आमच्या कॅमेऱ्यामुळे. वळणावर गाडी कडेस लावून आम्ही उतरलो की मुले आत चुळबुळ करतात, डब्यातील थालीपिठे निवतात, आणि आम्ही मात्र धोमच्या जलाशयावरील ढग दोन बोटे सरकावा म्हणून तपश्चर्या करीत उभे राहतो.

हा छंद आम्हांस वारशाने मिळाला. आमच्या वडिलांपाशी अॅग्फाचा ‘क्लिक थ्री’ नावाचा साधा कॅमेरा होता. त्याच्या एका रोलात १२ चित्रे निघत, आणि ती १२ चित्रे वडील वर्षभर पुरवीत. गौरीपुढे एक, दिवाळीत दोन, मुंज किंवा बारसे असल्यास आणखी दोन, असा त्यांचा हिशेब असे. त्या हिशेबात डोंगराच्या वाट्यास कधीच काही येत नसे. चित्र काढण्यापूर्वी ते माणसे गोळा करीत. दूधवाला, मोलकरीण, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड, जो कोणी त्या क्षणी दारात सापडेल त्यास “जागा आहे हो, या!” म्हणून ओढून उभे करीत. त्या दाटीवाटीच्या चित्रांचे आम्हांस पुढे फार हसू येई. आमच्या हाती नवा कॅमेरा आला तेव्हा रोल संपण्याची भीती उरली नव्हती; आणि श्रीमंतीबरोबर चोखंदळपणा येतो, तसा तो आमच्याही अंगी आला. आम्हांस चित्र ‘स्वच्छ’ हवे असे. विजेच्या तारा नकोत, पाट्या नकोत, आणि माणसे तर मुळीच नकोत.

घाटातील आमच्या आवडत्या वळणावर पावसाळ्यात एक वृद्ध गृहस्थ कणसे भाजीत. वर निळा प्लास्टिकचा कागद ताणलेला, खाली शेगडी, शेजारी तिखटमिठाची वाटी आणि लिंबाच्या फोडी. आम्ही त्यांस ‘मामा’ म्हणत असू. दुर्दैवाने देखाव्याच्या दृष्टीने नेमकी तीच जागा सर्वोत्तम होती. तेव्हा दरवर्षी कॅमेरा डोळ्यास लावून आम्ही म्हणावे, “मामा, जरा बाजूला होता का?” आणि मामांनी हातातले कणीस खाली ठेवून, शेगडीसकट दोन पावले सरकावे. मग आम्ही त्यांस कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दाखवीत असू. ते म्हणत, “झकास! आमचा डोंगर लई देखणा आलाय, साहेब.” यात आपण काही गैर करीत आहो, असे आमच्या स्वप्नातही आले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात शेगडीपाशी त्यांची मुलगी दिसली. मामा वैशाखातच गेले होते. आम्ही चार शब्द बोललो, कणसे घेतली. पैसे घेता घेता ती म्हणाली, “काका, तुम्ही दर साली हितं फोटू काढता. बाबांचा एखादा असंल का? मोबाइल पाण्यात पडला, त्यात हुते तेवढे गेले. आता आधार कार्डावरचा हाय, पर त्यात वळखूच येत न्हाईत.”

“बघतो,” असे आम्ही म्हणालो खरे. रात्री घरी येऊन १४ वर्षांची चित्रे उघडून बसलो. दरी होती, धुके होते, इंद्रधनुष्यही एकदा सापडले. मामा कोठेच नव्हते. कसे असतील? आम्हीच त्यांस प्रत्येक वेळी बाजूला केले होते. पहाटेच्या सुमारास एका चित्राच्या डाव्या कडेस धुराची रेघ दिसली, आणि तिच्या मुळाशी पुठ्ठ्याने शेगडीस वारा घालणारा एक हात, कोपरापर्यंत. बस्स, तेवढेच.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली; डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. त्याच काळातल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांच्या चित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन भागांत काढला. त्यात त्याने एकीकडे टिपलेली माणसे दुसरीकडच्या देखाव्यांवर बसविली, आणि चित्राखाली माणसाचे नाव न घालता जातीचे घातले. हे वाचून आम्ही पूर्वी नाक मुरडले होते. त्या रात्री वाटले, जॉन्सनने निदान माणूस ठेवला आणि देखावा बदलला. आम्ही देखावा ठेवला आणि माणूसच काढून टाकला.

पुढच्या रविवारी त्या हाताचे चित्र मोठे छापून नेले. देताना आमची मान वर होईना. जे घडले ते सांगून टाकले. मुलीने चित्र बराच वेळ पाहिले. मनगटाजवळ भाजल्याचा एक जुना डाग होता, त्यावर तिने बोट ठेवले. “त्यांचाच हाय,” एवढेच ती म्हणाली, आणि पदराने काच पुसून चित्र पेटीत ठेवले. रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

तेव्हापासून आमची रीत पालटली आहे. साताऱ्यात मोती चौकातून जाताना, वाईच्या बाजारात किंवा घाटात, आम्ही आधी माणसास विचारतो, मग कॅमेरा काढतो. कोणी नको म्हणतात. त्यांचा तो हक्क. जे हो म्हणतात त्यांचे नाव विचारून टिपून घेतो व पुढच्या फेरीस चित्र नेऊन देतो. चित्रांत तारा येतात, पाट्या येतात, निळा कागदही येतो.

परवा घाटात त्या मुलीस शेगडीसह मधोमध बसविले, तिच्या पोरास शेजारी उभे केले. आमच्या सौभाग्यवती गाडीतून पाहत होत्या. “अहो, आज तुमचा डोंगर त्यांच्यामागे पार झाकला की!” त्या म्हणाल्या.

आम्ही म्हणालो, “राहू दे. तो कुठे पळून जातो?” आणि त्यांनाही हाक मारली, “जागा आहे, या!”