खांदेरी: दगड वाहणाऱ्यांचा किल्ला

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचं दीपगृह स्पष्ट दिसतं. बेट चार-पाच किलोमीटरवरच आहे, पण जाणं समुद्राच्या मर्जीवर. मच्छीमारी होडीचे तांडेल लाटांकडे न बघता पाण्याच्या रंगाकडे बघत होते. "रंग बदलला की खाली खडक समजायचा," ते म्हणाले.

धक्क्यावर उतरल्यावर तटाकडे जायच्या आधी मी खाली वाकून पाहिलं. तटाच्या पायथ्याशी मोठमोठे दगड नुसते टाकलेले आहेत, चुना नाही की सांधा नाही. त्यांच्यावर कालवांचे पातीसारखे धारदार थर चढलेत. हात टेकवला तर कातडी सोलून निघेल. लाटांचा जोर इथेच मोडतो, आणि शत्रूचा पायही.

हे दगड १६७९ च्या पावसाळ्यानंतर आले. शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना इथे किल्ला बांधायला धाडलं. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठे ठाण मांडणार म्हणताच इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या आरमाराने दौलतखानाच्या हाताखाली त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यांचं 'डोव्हर' हे जहाज पकडलं. इंग्रजांचं 'रिव्हेंज' हे दुसरं जहाज मात्र शेवटपर्यंत झुंजलं. मला या चकमकीपेक्षा त्यापुढच्या रात्री मोठ्या वाटतात. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजं जागच्या जागी अडकत, आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ही मारत उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर पोचत. वेढा चालू होता आणि तटही चढत होता! १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला. १७१८ साली त्यांनी पुन्हा चाल केली, तेव्हाही हात हलवत परतले.

वर एक खडक आहे. दगडाने ठोकला की धातूसारखा खणखणतो, माझ्याबरोबरची मुलं तिथून हलेनात. बुरुजावर लोखंडी चाकांच्या गाड्यावरची तोफ आहे, वेताळाचं देऊळ आहे. वेताळावर कोळ्यांची मोठी श्रद्धा. दीपगृह इंग्रजांचं, १८६७ चं.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत खांदेरीही आहे. आता इथे गर्दी वाढेल, वाढावीही. येणाऱ्यांनी तोफेजवळ फोटो जरूर काढावेत. पण त्याआधी ओहोटीला तटाखालचे ते दगड बघावेत. गोळ्यांच्या माऱ्यात ते वाहून आणणाऱ्या, बखरीत नाव न आलेल्या माणसांनीच हे बेट राखलं.