कर्णनाद

कानांत बोटे घातली की जो घुमारा ऐकू येतो तो रावणाच्या चितेचा. ती अजून जळतेच आहे, असे घरोघरी मुलांना सांगत. मुले बोटे काढून घेत आणि चिता विझे. बोटे काढूनही जिची धग सरत नाही अशी चिता ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्याविषयी त्या कथेत काही नाही.

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहणारे एक निवृत्त मराठी गृहस्थ अशांपैकी होत. १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने जन्मलेल्या या पोलादनगरीत नागपूर-भंडाऱ्याकडून जी कुटुंबे आली, त्यांतलेच त्यांचे एक. तीस वर्षे यंत्रांच्या सान्निध्यात गेली. शेजारी ज्याला ‘सीटी’ म्हणत, त्याला ते ‘रातकिडा’ म्हणत. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत तो बुडून जाई. हिवाळ्यात मात्र पंखा लावूनच निजावे लागे. पत्नी दोन रजया घेऊन, काही न बोलता, त्या वाऱ्यात झोपे. त्यांना रातकिड्याहून हे अधिक लागे.

अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू जणू आपलीच श्रवणशक्ती ताणून धरतो, आणि त्या ताणातून हा नाद उपजतो, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि नाद आणि व्यथा एक नव्हेत. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी उत्तम श्रवण असलेल्या ८० जणांना निःशब्द खोलीत बसविले, तेव्हा त्यांतील बहुतेकांना काही ना काही ऐकू आले. त्या नादाला भीती चिकटली की तो रोग होतो.

आपल्या परंपरेत या नादाची दोन घराणी आहेत. सुश्रुतसंहितेने कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड अशी वेगळी नावे देऊन त्याला व्याधींत बसविले. हठयोगप्रदीपिकेने आत ऐकू येणाऱ्या सागर, घंटा, भ्रमर यांच्या ध्वनींना साधनेच्या पायऱ्या मानले. एका हितचिंतकाने या गृहस्थांना ‘हा तर अनाहत नाद, भाग्य समजा’ असे सांगितले. रात्ररात्र जागणाऱ्याच्या पीडेला सिद्धी म्हणणे यात अध्यात्म थोडे आणि निष्ठुरता फार. स्मेतानाने १८७६ च्या आपल्या चतुर्वाद्य-रचनेत कानातला तो तीव्र स्वर आणला. पण त्यानेही तो आघात म्हणूनच आणला, प्रसाद म्हणून नव्हे.

तिसरी वाट परक्या नावाने घरी आली. १९७९ मध्ये जॉन काबाट-झिन यांनी अमेरिकेतील रुग्णालयात सुरू केलेल्या ‘माइंडफुलनेस’चे मूळ पालीतील ‘सति’, म्हणजे स्मृती, हा शब्द. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी बौद्ध साधनेचा हा विचार ‘समाधिमार्ग’ या पुस्तकातून मराठीत कधीच आणला होता. इगतपुरीत विपश्यनेचे केंद्रही १९७६ पासून आहे. तरी मराठी माणसाला तो इंग्रजी शब्दाच्या पाठीवर बसूनच परत यावा, ही आपल्या भाषाव्यवहाराची गंमत. असो. लॉरेन्स मॅककेना, लिझ मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ७५ कर्णनाद-रुग्णांवर केलेली तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली: आठ आठवड्यांच्या शिथिलीकरणानेही त्रास उतरला, परंतु सजगतेच्या अभ्यासाने तो अधिक उतरला. अर्थात एकाच कानात, नाडीच्या ठोक्याबरोबर किंवा अकस्मात नाद सुरू झाला तर आधी वैद्याकडेच गेले पाहिजे.

गृहस्थांना हे सारे प्रथम पटले नाही. ज्यापासून पळायचे, त्याच्याचसमोर बसायचे! पहिल्या आठवड्यात रातकिडा वाढल्यासारखाच वाटला. श्वासाकडे पाहावे, मग त्याच समतेने नादाकडे. त्याला घालवू नये, बोलावूही नये, एवढीच रीत. पुढे त्यांना एका नादात तीन गोष्टी दिसू लागल्या: एक आवाज, दुसरा त्या आवाजावरचा राग, आणि तिसरे ‘उद्याही असेच’ हे भय. पहिली त्यांच्या हाती नव्हती. उरलेल्या दोन काही दिवशी आपसूक ढिल्या होत, काही दिवशी मुळीच होत नसत.

जानेवारीतल्या एका रात्री ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. पत्नीने अंधारातून विचारले, “अहो, झोप येईल ना?” ते म्हणाले, “बघू. तू एक रजई काढून ठेव.”