अडलंय कुठे?

२०२५च्या जुलै महिन्यात आमच्या घरात एक खोटं शिरलं आणि चांगलं ऐसपैस बसलं. ‘मुलाला कावीळ झालीय, म्हणून यंदा कॉलेज बुडवतोय,’ असं मी शेजारी, सोसायटीत, माहेरी सगळ्यांना सांगत सुटले होते. खरी गोष्ट वेगळी होती. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर त्याचे अजून सुटले नव्हते. त्यामुळे तिसऱ्या वर्षाचं दार बंद झालं होतं. मुलांच्या भाषेत ‘इयर डाऊन’.

निकाल लागला त्या दिवशी हे एकच वाक्य बोलले, “काय कमी केलं होतं आम्ही?” त्यानंतर बापलेकांचं बोलणं जवळजवळ थांबलंच. मुलगा दिवसभर खोलीत. जेवायला हाक मारली की यायचा, खाली मान घालून जेवायचा, ताट उचलून जायचा. मी रडले, रागावले, नवससुद्धा बोलले. ‘का रे असं झालं?’ या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर होतं, “नाही जमलं.”

दिवाळीत भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ आला. येताना भाच्यासाठी आपला जुना लॅपटॉप घेऊन आला. “घे रे, तुझ्या कामाला येईल,” म्हणाला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला होता आणि त्या म्हाताऱ्या यंत्रात विंडोज ११ बसत नव्हतं. मुलगा म्हणाला, “मामा, मी यात लिनक्स टाकतो.” निकालानंतर त्याच्या तोंडून आपणहून निघालेलं ते पहिलं वाक्य असावं.

लिनक्स म्हणजे काय, हे मला त्यानंच सांगितलं. १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स नावाची संगणक चालवणारी प्रणाली जन्माला आली. तिच्या धर्तीवर १९९१मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं स्वतःची एक प्रणाली लिहायला घेतली आणि ती जगाला वापरायला, सुधारायला खुली करून टाकली. पैसे पडत नाहीत, जुन्या यंत्रावरही चालते. मित्राकडून आणलेल्या पेनड्राईव्हवरून त्यानं ती तासाभरात लॅपटॉपवर चढवलीसुद्धा.

पण वायफाय काही लागेना. पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्कची नावं दिसायला हवीत, तिथे काहीच नाही. दुपारभर त्यानं कळा दाबून पाहिल्या, यंत्र चार वेळा बंद-चालू केलं. संध्याकाळी झाकण आपटून म्हणाला, “नाही चालत. जाऊ दे.”

‘नाही जमलं’ म्हणतानाचाच तो सूर! माझ्या पोटात कालवलं.

मी घरी ब्लाऊज शिवते, पंचवीस वर्षं झाली. शिवणाच्या क्लासमध्ये आमच्या बाई सांगायच्या, टाका सुटला की मशीनला दोष देऊ नका. आधी सुई बघा, मग दोरा, मग बॉबिन, मग ताण. एकेक बघत गेलं की दोष हाती लागतोच. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच दिसत नाही. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी हुक लावायचे ब्लाऊज घेऊन मुलाच्या खोलीत जाऊन बसले आणि म्हटलं, “मला त्यातलं काही कळत नाही. पण तुझ्या वायफायची सुई कुठली आणि दोरा कुठला, एवढं सांग.”

तो हसला. कितीतरी दिवसांनी. मग सांगू लागला.

“हे बघ आई, पहिली पायरी म्हणजे आतमध्ये वायफायचं कार्ड आहे की नाही, आणि यंत्राला ते दिसतंय की नाही.” त्यानं काळ्या खिडकीत ‘एलएसपीसीआय’ असा हुकूम लिहिला. यादी आली, तीत कार्डाचं नाव होतं. म्हणजे सुई जागेवर होती.

“दुसरी पायरी, त्या कार्डाला काम करता येतंय का?” यंत्र सुरू होताना जे काही घडतं, त्याची नोंद ते ठेवत असतं. ‘डीमेसेज’ म्हटलं की ती वाचता येते. पानंच्या पानं भरभर वर सरकली. त्यात एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं. फर्मवेअरची फाइल सापडली नाही, असं यंत्र दुपारपासून लिहून बसलं होतं!

“अरे, मग दुपारी वाचलं का नाहीस?”

“इतकं इंग्रजी बघूनच वाचावंसं वाटलं नाही,” तो पुटपुटला. मी तेव्हा त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या चिपला लागणारा छोटासा प्रोग्रॅम. बऱ्याचदा त्याचे हक्क कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडे असतात, आतला मजकूर खुला नसतो. म्हणून सगळं खुलं असावं असं मानणारे काही लिनक्सवाले तो आपल्या संचात घालत नसत. डेबियन या मोठ्या लिनक्समंडळींनी २०२२मध्ये यावर चक्क मतदान घेतलं आणि जून २०२३मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर नेहमीच्या संचात द्यायला सुरुवात केली. आमचा पेनड्राईव्ह मात्र त्याआधीच्या संचाचा होता.

आता पंचाईत अशी, की फर्मवेअर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना! मी म्हटलं, “बॉबिन संपली तर शेजारणीकडून भरलेली आणतो आम्ही. तसं कुणाकडून उसनं नाही मिळत?”

त्याचे डोळे चमकले. माझा मोबाईल घेऊन त्यानं चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं. मोबाईलचं इंटरनेट वायरीतून लॅपटॉपला मिळालं. फर्मवेअर उतरवलं, बसवलं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. तरी कोपरा रिकामाच.

दुपारी त्यानं इथेच झाकण आपटलं असतं. आता तो म्हणाला, “तिसरी पायरी.” ‘आरएफकिल लिस्ट’ असं त्यानं लिहिलं. वायफायचा रेडिओ दोन तऱ्हांनी बंद असू शकतो. एक, लॅपटॉपच्या कडेचं खरंखुरं बटण बंद असलं तर, आणि दुसरी, कुणी तसा हुकूम दिला असला तर. आमच्याकडे बटण ठीक होतं, हुकूम मात्र बंदचा होता. दुपारी वैतागून विमानाच्या चित्राची कळ यानंच दाबली होती! त्यानं ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ लिहिलं आणि मग ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’. बघता बघता सगळ्या बिल्डिंगच्या वायफायची नावं पडद्यावर आली. त्यात आमचंही होतं.

चौथी पायरी पासवर्डची. तो घातला, पण उत्तर आलं, की गुप्त शब्द हवा होता, तो मिळाला नाही. आम्ही दोघांनी आठवेल तो पासवर्ड घालून पाहिला. व्यर्थ. तेवढ्यात दारात हे उभे! रात्रीचा एक वाजला होता.

“काय चाललंय?”

मी सांगितलं. हे काही न बोलता आत गेले. आता बरसणार, असं मला वाटलं. पण हे डायरी घेऊन बाहेर आले. “मे महिन्यात केबलवाल्यानं बदललाय. पहिलं अक्षर मोठं आहे,” असं म्हणून मुलाच्या शेजारी पलंगावर बसले आणि एकेक अक्षर सांगू लागले. मुलगा लिहीत गेला. क्षणभर चाक फिरलं, राऊटरनं यंत्राला पत्ता दिला आणि जोडणी झाली. “हं, झालं की,” हे म्हणाले. चार महिन्यांनी बापलेक एकमेकांकडे पाहून हसले.

मी चहा टाकला. तिघं तिथेच बसून प्यालो. अन् मला दुपारचा तो सूर आठवला. मी म्हटलं, “बाळा, ‘नाही चालत’ म्हणून तू हे यंत्र सोडून दिलं असतंस. पण दोष होता तीनच ठिकाणी, आणि तिन्ही बारीक. मग तू ‘नाही जमलं’ म्हणतोस, त्याचं काय? तुझं कुठल्या पायरीवर अडलं?”

तो बराच वेळ गप्प होता. मग कपाकडे बघत म्हणाला, “गणित येतं गं मला. सर काय म्हणतात तेच कळायचं नाही.”

दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण क्लासचे सर मराठीतून समजावायचे. इंजिनियरिंगला सगळंच इंग्रजीत आणि भरभर. सुरुवातीला एकदा त्यानं मोडक्या इंग्रजीत शंका विचारली, तर वर्ग हसला. त्यानंतर त्यानं विचारणंच सोडलं. मग मागच्या बाकावर बसू लागला, मग तास बुडवू लागला. पेपरात प्रश्नच नीट उमजत नसे, उत्तर कुठून लिहिणार?

आम्ही चार महिने विचारत होतो, ‘का?’ त्यात जाब होता, विचारपूस नव्हती. अडलंय कुठे, हे विचारलंच नव्हतं. हे नुसते त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पायरी-पायरीनं गेलो. ओळखीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांकडे आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. एका वहीत अडलेला इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि एक उदाहरण, असं तो लिहू लागला. त्याच्याच लॅपटॉपवर व्याख्यानं थांबवून थांबवून, पुन्हा पुन्हा ऐकू लागला. परीक्षेत काय होईल, ते परीक्षेतच कळेल. पण आता अडलं, तर कुठे अडलं हे तो सांगतो.

उरलं होतं माझं खोटं. एका रविवारी त्याच लॅपटॉपवरून भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि धीर करून सगळं सांगून टाकलं.

भाऊ मोठ्यानं हसला. “ताई, मला भाऊबीजेलाच कळलं होतं. कावीळ झालेलं पोर अकरा चकल्या खातं होय?”