तोतया कोणाचा? : फसवणुकीच्या शब्दांविषयी

बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील खोपोलीस, नाना फडणीसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ आणि तळे आहे. पलीकडे कर्जतच्या बाजूने, कोंदिवड्याहून, राजमाचीची वाट चढते. फसवणुकीच्या मराठी शब्दकुळातील एका महत्त्वाच्या शब्दाचा इतिहास या मुलखाशी निगडित आहे. पानिपतावर १७६१ साली नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला. बराचसा कोकण त्याच्या बाजूस गेला आणि तो बोरघाटापर्यंत पोहोचला. राजमाचीपाशी त्यास तहाच्या बोलण्यांत गुंतवून ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजा आल्या. तो पळाला, आंग्ऱ्यांच्या हाती लागला आणि वर्षअखेरीस पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या नाटकाने हे बंड रंगभूमीवरही आणले.

'तोतया' या शब्दास इंग्रजीत 'इम्पोस्टर' हा प्रतिशब्द सहज दिला जातो. मात्र ही समानार्थकता पृष्ठस्तरावरची आहे. 'इम्पोस्टर'च्या मुळाशी 'वर ठेवणे, लादणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणजे हा शब्द कृतीकडे पाहतो. एखादा मनुष्य नुसताच 'इम्पोस्टर' असू शकतो. मराठीत मात्र कोणी नुसता तोतया नसतो, तो कोणाचा तरी तोतया असतो. 'भाऊसाहेबांचा तोतया' यातील षष्ठी वगळली, तरी ती गृहीत धरावीच लागते. ढोंग करणाऱ्याबरोबर ज्याचे सोंग घेतले तो अनुपस्थित मनुष्यही या शब्दात वावरत असतो. त्या अनुपस्थिताची वाट पाहणारा समाजही तेथे असतो. भाऊ परत यावेत अशी इच्छा नसती, तर तोतयास एवढा कोकण मिळता ना.

इंग्रजीतील इतर शब्दांचे वळण निरनिराळे आहे. 'डिसीव्ह'च्या मुळाशी 'पकडणे' आहे. आपल्या 'फसणे'शी त्याचे नाते जवळचे, कारण चिखलात पाय फसतो तसाच माणूस बोलण्यात फसतो. 'चीट' हा शब्द 'एस्चीट'पासून आला. वारस नसलेली जमीन सरंजामदाराकडे किंवा राजाकडे परत जाणे, हा त्याचा मूळ अर्थ. ती वसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या लबाडीमुळे कायद्याचा शब्द लबाडीचा शब्द झाला. अधिकारपदावरूनही फसवणूक होते, याची स्मृती इंग्रजीने अशी जपली आहे. 'बोगस' हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शब्द, खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राशी जोडलेला. तो मूलतः वस्तूविषयी बोलतो.

हा भेद केवळ कोशकारांच्या जिव्हाळ्याचा नाही. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये असलेल्या या दोन तालुक्यांत जमिनीस भाव आला आहे. खातेदाराच्या जागी दुसराच इसम उभा करून खरेदीखत करणे, हा अशा ठिकाणी उद्भवणारा गुन्हा आहे. त्याविषयी बोलताना 'फ्रॉड झाला', 'कागद बोगस निघाला', अशी वाक्ये आज सर्रास कानी पडतात. त्यांची घडण लक्षात घ्यावी. पहिल्यात फ्रॉड आपोआप होतो, दुसऱ्यात दोष कागदाचा असतो. ज्याची जमीन गेली तो, बहुधा कार्यालयापासून दूर राहणारा आणि तेथे कोणाच्याही ओळखीचा नसलेला, या दोन्ही वाक्यांत कोठेच नाही. 'तोतया उभा केला' असे म्हणताच मात्र 'कोणाचा?' हा प्रश्न अटळ होतो आणि उत्तरादाखल मूळ मालकाचे नाव घ्यावे लागते.

मराठी निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. 'तो फसला' या अकर्मक प्रयोगात फसवणारा लोपतो आणि पाऊल चुकल्याचा ठपका फसलेल्यावर येतो. राजमाचीपाशी तोतयासही फसविण्यात आले. पण त्या कृतीस आपण मुत्सद्देगिरी म्हणतो. कृती एकच असताना शब्द बदलतो, तो बोलणारा कोणत्या बाजूस उभा आहे त्यावरून.

१८६० च्या दंडसंहितेतील कलम ४१६ च्या मराठी पाठाने 'तोतयेगिरी करून ठकवणूक' अशी संज्ञा वापरली. इंग्रजी संज्ञेत 'पर्सोना', म्हणजे नटाचा मुखवटा, आहे. मराठीत बोरघाटापर्यंत आलेला तोतया आहे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि या गुन्ह्याचे कलम ३१९ झाले. आकडा बदलला तरी शब्दाची निवड तक्रार लिहिणाऱ्याच्या हाती उरतेच. तेथे 'फ्रॉड' लिहिले तर व्यवहाराची नोंद होते. 'तोतया' लिहिले तर त्या माणसाचीही होते, ज्याच्या नावाने दुसऱ्याच कोणी अंगठा उठविला.