आधी खोप, मग झोका

आजची नोंद डाळिंबाची नाही, बागेशेजारच्या लिंबाखालच्या एका गुंठ्याची आहे.

नातू पाच वर्षांचा. ब्लोअर सुरू झाला की कान दाबून ओरडायचा. ओली माती पायाला लागली की अंग आखडायचा. "शेतकऱ्याचं पोरगं अन् चिखलाला भितंय?" म्हणत मी एकदा त्याला उचलून पाटात उभं केलं. पुढं दोन महिने त्यानं शेतात पाऊल टाकलं नाही.

ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी समजावलं. काही लेकरांच्या मेंदूला आवाज, स्पर्श, हालचाल यांचा मेळ घालणं जड जातं. हा हट्ट नाही, अन् भित्रेपणाही नाही. अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९७२ च्या पुस्तकात हेच मांडलंय. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी माहीत झालेलं आमच्या बांधावर आत्ता पोचलं.

मग त्यांना विचारून जागा केली. मी आधी झोका बांधणार होतो. त्या म्हणाल्या, आधी लपायची जागा करा. म्हणून ज्वारीच्या कडब्याची खोप केली. आतली जमीन चोपून घेतली, रोज साप-विंचू बघून झाडतो. जीव घाबरला की तो आत जाऊन बसतो, कुणी हाक मारायची नाही.

पुढं तीन छोटे वाफे: एकात कोरडी वाळू, दुसऱ्यात पेंढा, सगळ्यात शेवटी ओली माती. कुठं जायचं ते त्यानं ठरवायचं. छोटी बादली वाळूनं भरून ओढायला ठेवली. असं जड ओढणं-ढकलणं बऱ्याच लेकरांना शांत करतं. झोका पुढं-मागं संथ जाणारा, गरगर फिरणारा नाही. वासाला गवती चहा अन् तुळस. एरंड, कण्हेर विषारी म्हणून काढले, गाजरगवतही उपटलं. मोटर अन् विहीर लांब आहेत. फवारणीच्या दिवशी तिकडं कुणी जात नाही.

परवा त्यानं ओल्या वाफ्यात एक बोट बुडवलं, बघितलं अन् माझ्या धोतराला पुसलं. मी गप्प बसलो. जमिनीला वापसा यायची वाट बघतो आपण, लेकराची का बघू नये?

प्रत्येक लेकरू वेगळं असतं. एखाद्याला गरगर फिरणंच हवं असतं, म्हणून माझी नक्कल करू नका, जाणकाराला विचारा. पण खोप मात्र आधी करा.